वाचकांचे प्रश्न : स्मृती टिकवणारी बॅटरी लवकर का संपते?

प्रश्न : माझ्या 1980च्या दशकातील सिंथेसायझरमधील सीआर2032 बॅटरी नवी बसवूनही चार महिन्यांत संपते आणि साठवलेले सर्व ध्वनी पुसले जातात. बॅटऱ्याच निकृष्ट असतील का?

उत्तर : एकदा तसे म्हणता आले असते, परंतु पुनःपुन्हा हेच घडत असल्यास दोष बॅटरीचा नसावा. या बॅटरीची क्षमता सुमारे 220 मिलिअँपिअर-तास असते. ती चार महिन्यांत संपते याचा अर्थ सरासरी 75 मायक्रोअँपिअर प्रवाह कुठेतरी मुरतो आहे, जिथे निरोगी स्मृतिचिपला वाद्य बंद असताना मोजके काही मायक्रोअँपिअर पुरतात.

प्रथम सर्व ध्वनी मिडीद्वारे (वाद्य संगणकाला जोडण्याची प्रणाली) किंवा कॅसेटवर उतरवून घ्यावेत. त्यानंतर बॅटरीच्या धन टोकाशी एकसर जोडणीत 1 किलो-ओहमचा रोध घालून, वाद्य बंद ठेवून त्याच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजावे. प्रत्येक मिलिव्होल्ट म्हणजे एक मायक्रोअँपिअर. आकडा मोठा आल्यास मुख्य पुरवठ्याकडून चिपकडे येणाऱ्या डायोडचे (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाचे) एक टोक सोडवून पुन्हा मोजावे. प्रवाह एकदम घटला, तर डायोड उलट दिशेने गळतो आहे आणि बॅटरी एकट्या चिपऐवजी साऱ्या सर्किटला पोसते आहे. न घटल्यास चिपजवळचा जुना कपॅसिटर तपासावा, तसेच पूर्वीच्या बॅटरीचा पांढरट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा.

बॅटरीला थेट डाग मात्र देऊ नये, होल्डर बसवावा.