'संवेदनशीलता' एक, अर्थ दोन

प्रश्न : कर्करोग लवकर ओळखणाऱ्या नॅनोसेन्सरवरच्या लेखाचा अनुवाद करताना दिसले की त्यात एकीकडे 'संवेदनशीलता 90 टक्के' असे आहे, तर दुसरीकडे 'मायक्रोअँपिअर प्रति नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर'. एकाच शब्दाला दोन एकके कशी?

दोन्ही बरोबर आहेत, कारण गुण दोन आणि शब्द एक. डॉक्टरांची सेन्सिटिव्हिटी म्हणजे 100 खऱ्या रुग्णांपैकी चाचणीने किती पकडले. ते गुणोत्तर असल्याने टक्क्यांत येते. विद्युतरसायनातली सेन्सिटिव्हिटी म्हणजे कॅलिब्रेशनच्या (ज्ञात प्रमाणे मोजून काढलेल्या) रेषेचा चढ, म्हणजे प्रतिजनाचे (सेन्सर शोधतो त्या रेणूचे) प्रमाण एका एककाने वाढले की विद्युतधारा किती बदलली. दहावीच्या भूमितीतला हा 'चढ' इथे चपखल बसतो. म्हणून 'संवेदनशीलता' चाचणीसाठी राखावी आणि सेन्सरसाठी 'प्रतिसादाचा चढ' वापरावा. (वृत्तपत्रांतल्या 'संवेदनशील मतदान केंद्रां'मुळे बिचारा शब्द आधीच थकलेला आहे.)

तिसरा घोळ 'डिटेक्शन लिमिट'चा, म्हणजे सेन्सरला कळू शकणाऱ्या सर्वांत कमी प्रमाणाचा. चढ जास्त म्हणजे अगदी कमी प्रमाणही कळणार, असे नाही. समजा, एका सेन्सरचा चढ 0.6 मायक्रोअँपिअर प्रति नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि प्रतिजन नसलेल्या कोऱ्या द्रावणाच्या 10 मापनांचे प्रमाण विचलन (मापने सरासरीभोवती किती विखुरली ते) 0.02 मायक्रोअँपिअर. तीनपट विचलन भागिले चढ, म्हणजे मर्यादा 0.1 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. आता ग्राफीनचा (कार्बनच्या एका रूपाचा) जाड थर देऊन चढ दुप्पट, 1.2 केला, पण पृष्ठभाग वाढल्याने पार्श्वधाराही (प्रतिजन नसतानाही वाहणारी धारा) वाढली आणि विचलन 0.08 झाले. मर्यादा आली 0.2. चढ सुधारला, मर्यादा बिघडली. शिवाय आलेखाच्या अक्षावर प्रमाणाचा लॉगॅरिदम असेल, तर हा भागाकार थेट चालत नाही. कोऱ्या मापनांच्या सरासरीपासून तीन विचलने दूरचा संकेत घेऊन त्याचे प्रमाण रेषेवरून वाचावे लागते.

यासाठी 'शोधमर्यादा' म्हणा. 'शोधनमर्यादा' नको, कारण शोधन म्हणजे शुद्धीकरण. वाचकाला जलशोधन आठवेल. 'निदानमर्यादा' तर मुळीच नको. निदान रोगाचे होते, रेणूचे नाही.

'सिलेक्टिव्हिटी' आणि 'स्पेसिफिसिटी' यांतही हीच गल्लत होते. रक्तद्रवातली इतर प्रथिने इलेक्ट्रोडला चिकटून खोटा संकेत देऊ नयेत म्हणून रिकाम्या जागा अल्ब्युमिनने झाकतात. त्यातून सुधारते ती सेन्सरची 'निवडकता'. निरोगी माणसाला निरोगी ठरवण्याची चाचणीची क्षमता म्हणजे 'विशिष्टता', आणि ती निवडकतेने आपोआप येत नाही. प्रोस्टेट कर्करोगासाठी रक्तात मोजले जाणारे पीएसए हे प्रथिन प्रोस्टेट ग्रंथीच्या साध्या वाढीत किंवा दाहातही वाढते. सेन्सरने ते अचूक मोजले, तरी 4 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही रूढ सीमा ओलांडणारा प्रत्येक जण कर्करोगी नसतो. तेव्हा फेम्टोग्रॅमची (नॅनोग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाची) शोधमर्यादा दाखवून 'अचूक निदान' असा मथळा दिला असेल, तर तो अनुवादातही तसाच ठेवू नका.