गूढ शब्दकोडं: आधी वाक्य फोड

काल वाचनालयात तू कोड्याच्या पहिल्याच सूत्रापाशी, म्हणजे उत्तराकडे नेणाऱ्या वाक्यापाशी अडलास, कारण ते वाक्य तू गोष्टीसारखं वाचत होतास. गूढ कोड्यातलं सूत्र दोन भागांचं असतं. एका टोकाला सरळ अर्थ, उरलेल्यात शब्दांची करामत. अर्थ सुरुवातीला किंवा शेवटी शोध, मध्ये नाही.

तुझ्यासाठी एक रचलंय: ‘गायीपुढे अर्धा दादा, मग उपासाचं धान्य, नाशिकची नदी (४)’. गाय म्हणजे गो, अर्धा दादा म्हणजे दा, धान्य वरी. गोदावरी! अक्षरं चार, म्हणून कंसात ४. नदी तू लगेच ओळखली असतीस, पण सगळे तुकडे जुळल्याशिवाय पेनाने लिहू नकोस. ही सवय मला फार उशिरा लागली.

खुणेचे शब्द ओळखायला शिक. ‘चुरगळलेलं’, ‘विस्कटलेलं’ दिसलं की अक्षरं हलवायची: ‘चुरगळलेलं कमल द्राक्षबागेत बांधतात ते (३)’, म्हणजे कलम. ‘निवडणुकीत लपलेलं झाड (२)’ यात तर वड डोळ्यांसमोर उभाच आहे.

इंग्रजी कोड्यात प्रत्येक स्वर-व्यंजन सुटं होतं. मराठीत काना-मात्रेसह अख्खं अक्षर एका चौकटीत बसतं, त्यामुळे हलवाहलवीला वाव कमी. म्हणून मी आधी गोदावरीसारखी तुकड्यांची जोडणीच तपासतो.

उद्या येताना पेन्सिल आण आणि एवढं सोडवून ये: ‘सामन्यात निकाल देणारा, पुढे वैद्याची गोळी, रामाचा वनवासातला मुक्काम (४)’.