एफएलपी (फ्लेमप्रूफ) दिव्यांच्या कामात पुढे काय?

चिपळूणहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड करून लोटे-परशुराम एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागला. पॅनेलवर काम मिळेल असं वाटत होतं, पण त्याला प्लांटमधले इमर्जन्सी आणि एक्झिट लाइट तपासायला दिलं आहे. "दोन वर्षं शिकून दिवेच बदलायचे का?" असं म्हणून तो पुण्याला बिल्डिंग वायरिंगच्या कामावर जायला निघाला आहे. या कामात पुढे काही आहे का, आणि जिवाला धोका किती, असं आई विचारते.

ताई, आधी धोक्याचं सांगतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच निघतं.

सॉल्व्हंट वापरणाऱ्या प्लांटमध्ये पंपाच्या सीलपाशी, ड्रम भरतात तिथे, टाकीच्या व्हेंटजवळ पेट घेणारी वाफ असू शकते. ती सतत असते ती जागा झोन ०, नेहमीच्या कामात अधूनमधून येऊ शकते ती झोन १, आणि क्वचित, तीही थोडा वेळच, येते ती झोन २. साखर, पीठ किंवा औषधाची पावडर उडत असेल तर हेच झोन २०, २१ आणि २२ होतात. अशा जागी बाजारातला साधा एक्झिट लाइट लावला तर आतल्या रिलेची एक ठिणगी पुरते. म्हणून दिवा निवडताना झोन, वायूचा गट आणि तापमानाचा वर्ग हे तिन्ही जुळावे लागतात. टोल्युइन या सॉल्व्हंटसाठी 'टू ए' (नेमप्लेटवर IIA) गटाचा दिवा चालतो. तोच दिवा हायड्रोजन वापरतात त्या भागात लावता येत नाही, तिथे सहसा 'टू सी' (IIC) लागतो. 'टी ४' म्हणजे दिव्याचा पृष्ठभाग १३५ अंशांपुढे तापत नाही, 'टी ६' म्हणजे ८५ अंश. दिव्याच्या नेमप्लेटवरची ही अक्षरं वाचता येणं ही तुमच्या मुलाची पहिली खरी शिकवणी आहे.

आता इमर्जन्सी लाइटची गोष्ट. इतर कुठलंही फिटिंग मेन बंद केलं की मृत होतं. याच्या पोटात बॅटरी असते, त्यामुळे पुरवठा तोडला की हा उलट पेटतो! मेन बंद आहे म्हणून झाकण उघडणारा माणूस इथे चालू सर्किट उघडत असतो. म्हणून आधी वर्क परमिट, पेटणारी वाफ ओळखणाऱ्या गॅस मीटरने जागेची तपासणी, आणि बनवणाऱ्या कंपनीच्या सूचनेप्रमाणे बॅटरी वेगळी करणं हे सगळं आलं. हे शिकवून, सुपरवायझरच्या देखरेखीखाली करून घेत असतील तर काम सांभाळून करता येण्यासारखं आहे. अप्रेंटिसला एकट्याला शिडीवर चढवून झाकण उघडायला लावत असतील, तर त्याने स्पष्ट नाही म्हणावं.

फ्लेमप्रूफ बॉडीचं तत्त्वही त्याला सांगा. आत स्फोट झालाच तर बॉडी तो सोसते, आणि तापलेला वायू सांध्याच्या बारीक फटीतून बाहेर येईपर्यंत इतका थंड होतो की बाहेरची वाफ पेटत नाही. एक बोल्ट गायब असला, सांध्यावर रंग बसला, स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा पडला, केबल आत घेणारी ग्लँड साधी लावली किंवा केबलचं रिकामं भोक उघडं राहिलं, की हे संरक्षण संपलं. बॅटरीही त्याच मॉडेलसाठी मंजूर असलेलीच हवी. नुसता व्होल्टेज जुळणारा स्वस्त सेल टाकला तर प्रमाणपत्राला अर्थ राहत नाही.

आणि टेस्ट बटण दाबून दिवा लागला, एवढ्यावर तपासणी होत नाही. बॅटरी किती वेळ टिकते हे वर्षातून एकदा ती पूर्ण डिस्चार्ज करून बघावं लागतं. सहसा ९० मिनिटं अपेक्षित असतात. पत्र्याच्या तापलेल्या शेडखाली बॅटरी लवकर थकते. चाचणीनंतर ती पुन्हा भरायला कित्येक तास जातात, म्हणून बाहेर पडायच्या एका वाटेवरच्या सगळ्या दिव्यांच्या बॅटऱ्या एकाच दिवशी डिस्चार्ज करायच्या नसतात, आणि रात्रपाळीच्या तोंडावर तर नाहीच. शिवाय वाट स्वतः चालून पाहावी लागते. मागाहून टाकलेल्या पाइप रॅकमागे एक्झिटची पाटी गेलेली असते आणि कागदावर मात्र सगळं 'ओके' असतं.

पुढे काय, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. दिव्याला जे नियम, तेच मोटरला आणि जंक्शन बॉक्सला. आयएस/आयईसी ६००७९ ही त्या नियमांची, म्हणजे मानकांची, मालिका. भाग १४ उभारणीचा, भाग १७ तपासणी-देखभालीचा. हे हाताने शिकलेला इलेक्ट्रिशियन रिफायनरीत, रंगाच्या आणि औषधांच्या कारखान्यांत, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आणि आखातातही चालतो. पुण्याची वायरिंगची कामं वाईट नाहीत. स्वतःचा धंदा लवकर उभा करायचा असेल तर तीच वाट बरी. पण हे ज्ञान तिथे मिळणार नाही.

क्रम असा ठेवा. अप्रेंटिसशिप पूर्ण करून परीक्षा द्यायची, मग वायरमनचा परवाना. जमलं तर आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यावा. कॉम्पेक्ससारखे स्फोटक जागांच्या कामाचे कोर्स महाग असतात. काही वर्षांचा अनुभव झाल्यावर आणि शक्यतो कंपनीच्या खर्चाने करावेत. आत्ता त्यासाठी कर्ज काढू नका, एजंट कितीही गळ घालू दे. सुरक्षेकडे ओढा असेल तर डिप्लोमा आणि अनुभवानंतर औद्योगिक सुरक्षेचा प्रगत डिप्लोमा करता येतो.

सध्या त्याने फोरमनकडे तीन गोष्टी बघायला मागाव्यात: प्लांटचा झोन दाखवणारा नकाशा, दिव्यांचं रजिस्टर, आणि एखाद्या दिव्याचं प्रमाणपत्र. स्फोटक जागांतल्या उपकरणांना मंजुरी देणाऱ्या नागपूरच्या 'पेसो' या सरकारी संस्थेची मंजुरी त्यावर कुठे असते तेही विचारून घ्यावं. या गोष्टी त्याला दाखवल्या, समजावल्या, तर त्याला तिथेच राहू द्या. नकाशाच नाही आणि टेबलावर बसून रजिस्टर भरायला सांगतात असं दिसलं, तर अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र हातात आल्याबरोबर महाड, पाताळगंगा किंवा तारापूरला दुसरी कंपनी शोधायला लागा.