वाचकांचे प्रश्न : दुसरा टर्बो जागा होत नाही

प्रश्न : माझ्याकडे १९९३ची माझदा आरएक्स-७ आहे. ४,५०० आरपीएमनंतर बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) कोसळतो आणि पुन्हा चढत नाही. टर्बो बदलावे लागतील का?
– एक वाचक, ऑकलंड

उत्तर : टर्बोला दोष देण्याची घाई करू नये. या गाडीच्या १३बी रोटरी (पिस्टनऐवजी फिरते रोटर असलेल्या) इंजिनात पहिला टर्बो आधी काम करतो आणि सुमारे ४,५०० आरपीएमला दुसरा त्याला जोडला जातो. हा बदल घडवणारे अ‍ॅक्च्युएटर (झडपा हलवणारे भाग) व्हॅक्यूम आणि दाब या दोन्हींवर चालत असल्याने, इनटेक मॅनिफोल्डखालच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याखालच्या) उष्णतेने कडक होऊन तडकलेली एक बारीक रबरी नळीसुद्धा सारा क्रम बिघडवते. मॅनिफोल्ड उतरवावेच लागेल, आणि एकदा उतरवल्यावर एकच नळी बदलणे म्हणजे वेळेचा अपव्यय होय. सर्व नळ्या सिलिकॉनच्या घालाव्यात (इंधनाच्या मार्गावर मात्र सिलिकॉन मुळीच नको), एकमार्गी झडपांची दिशा जपावी, आणि जुन्या नळ्यांत बसवलेल्या बारीक छिद्रांचे, प्रवाह रोखणारे छोटे तुकडे फेकू नयेत, कारण बूस्टचे नियंत्रण त्यांच्यावरही अवलंबून असते. सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणाऱ्या झडपा) हातपंपाने तपासावेत. दुरुस्तीनंतर गेजवर लक्ष ठेवावे. बूस्ट मर्यादेबाहेर गेल्यास एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) तुटू शकतात.