आधी वळण, मग इंजिन

वाचकांचे प्रश्न : छोटी रेल्वे

प्रश्न : मुलगा सातवीत आहे, रेल्वेचं भयंकर वेड. दोघांनी मिळून एचओ मापाची (खऱ्या गाडीच्या १/८७ आकाराची) मॉडेल रेल्वे मांडायचं ठरवलंय. खोलीत सहा बाय तीन फुटांचा प्लाय बसतो. मला लांब वाफेचं इंजिन आणि राजधानीसारखे लांब डबे हवेत, त्याला छोटं डिझेल हवंय. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलाचं ऐका. तीन फूट म्हणजे ९१ सेंटीमीटर. तेवढ्यात गाडी पूर्ण फिरवायची तर वळणाची त्रिज्या ३६-३७ सेंटीमीटरच ठेवावी लागते. ४३-४४ची घेतलीत तर रूळ थेट प्लायच्या काठावर येतात आणि घसरलेलं इंजिन फरशीवर पडतं. आता डब्यांचं बघा. आपला एलएचबी डबा, म्हणजे राजधानीला असतो तो, साडेतेवीस मीटर लांब, एचओत म्हणजे १:८७ मापात तो २७ सेंटीमीटर होतो. युरोपातले २६.४ मीटरचे डबे पूर्ण लांबीत केले तर ३० सेंटीमीटर. असा डबा ३६च्या वळणावर गेला की त्याचं पोट आत घुसतं, टोकं बाहेर फेकली जातात आणि शेजारच्या डब्याशी कपलिंग ओढाताण करतं. इंजिनाच्या खोक्यावर किमान त्रिज्या छापलेली असते. रंग, आवाज, दिवे हे सगळं त्यानंतर बघायचं.

जमत असेल तर प्लाय आठ बाय चारचा, अख्खा घ्या. बाजारात तो तसाच मिळतो, आणि त्या एका जादा फुटाने ५० सेंटीमीटरचं वळणही बसतं. खोली खरोखरच अपुरी असेल आणि लांब गाडीचा हट्ट सुटत नसेल, तर एन मापाकडे वळा. ते १:१६०, रुळांतलं अंतर ९ मिलिमीटर. तुमच्या तीन फुटांत तिथे लांब एक्सप्रेस ऐटीत फिरेल. फक्त एवढे बारीक डबे रुळावर चढवायला बोटं शांत लागतात, ते मुलाला जमतंय का बघा.

एचओच ठरलं तर पहिलं इंजिन दोन बोगींचं (बोगी म्हणजे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा गाडा), चार आसांचं डिझेल असावं. दुकानात विचारायचे प्रश्न दोनच : मोटर दोन्ही बोगी फिरवते का, आणि वीज आठही चाकांतून घेतली जाते का? स्वस्त इंजिनात एकच बोगी ओढते, वीजही मोजक्या चाकांतून येते. मग सांध्यावर, म्हणजे एका रुळाला दुसरा फुटतो त्या जागी, जिथे मधला तुकडा प्लास्टिकचा असतो, तिथे ते अडतं आणि पोरगं बोटाने ढकलत बसतं. याच कारणासाठी अगदी चार चाकांचं चिमुकलं इंजिनही पहिल्यांदा घेऊ नका. इंजिन चालवून बघायचं ते हळू. रेग्युलेटर जेमतेम उघडल्यावर ते धक्का न देता सरपटत निघालं पाहिजे. भरधाव तर कुठलंही पळतं.

माझी नोकरी माटुंगा वर्कशॉपमध्ये डब्यांच्या पोटाखाली गेली, त्यामुळे मी कुठलाही डबा आधी उलटा करतो. नखाने चाक फिरवा, ते बराच वेळ फिरत राहिलं पाहिजे. डोळ्यांसमोर आडवं धरून बघा, चाक डुलतंय का. चाकं धातूची घ्या, प्लास्टिकची चाकं रुळावर घाण पसरवतात. मग वजन. अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या संघटनेने, एनएमआरएने, एचओसाठी घालून दिलेला हिशोब असा : मुळात २८ ग्रॅम, आणि लांबीच्या दर इंचाला १४. म्हणजे १५ सेंटीमीटरची वाघीण (मालगाडीचा डबा) साधारण ११३ ग्रॅमची हवी. हलकी निघाली तर तळाशी आतून नट-वॉशर चिकटवा. रुळावरून घसरण्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

सुरुवातीला प्रवासी डब्यांऐवजी आखूड वाघिणीच घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. गोल गोल फिरणारी एक्सप्रेस लवकर जुनी होते. मालगाडीत मात्र एक वाघीण सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, काढायची, दुसरी मधे जोडायची, सांधे बदलायचे, हे काम संपत नाही. एक साधा सांधा आणि हातभर सायडिंग पुरे.

नियंत्रण सध्या साधं डीसी ठेवा, म्हणजे रेग्युलेटरने रुळातली वीज कमी-जास्त करायची. इंजिन ‘डीसीसी रेडी’ (डिजिटल नियंत्रणासाठी तयार) असेल तर उत्तम, पण त्याचा अर्थ आत सॉकेट आहे एवढाच. डिजिटल हुकूम समजून घेणारा डिकोडर वेगळा विकत आणावा लागतो.

प्रश्न : काका, बहीण न्यू जर्सीहून येताना स्टार्टर सेट आणणार आहे. काय बघून घ्यायला सांगू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सर्वांत आधी ॲडॉप्टर. त्यावर ‘इनपुट १०० ते २४०’ असेल तर बिनधास्त आणा. नुसतं १२० व्होल्ट असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला तो हरगिज लावू नका.

दुसरं, रूळ. निकेल-सिल्व्हरचे मागवा. पोलादी रूळ डोंबिवलीच्या पावसाळ्यात गंजतात आणि इंजिन थांबत थांबत चालतं. बाखमन कंपनीच्या ईझी ट्रॅक रुळांमध्ये हे रंगावरून ओळखू येतं : करडा पाया निकेल-सिल्व्हरचा, काळा पोलादाचा. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं.

आणि पुढे इंग्लंडचे डबे घेऊन त्याला जोडायचा विचार असेल तर थांबा. तिथलं ओओ माप १:७६. रुळांतलं अंतर एचओसारखंच १६.५ मिलिमीटर, पण कपलिंग वेगळं, आणि डबे शेजारी उभे केले की उंचीतला फरक लगेच डोळ्यात भरतो.

प्रश्न : मला आपलीच गाडी हवी, शक्यतो घाटातली. काय मिळेल?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : प्रश्न वाचून फार बरं वाटलं. आपली इंजिनं कारखान्यातून तयार मिळणं अवघड असतं, त्यामुळे भावंडं शोधायची. आपली डिझेल डब्ल्यूडीएम-२ मूळची अमेरिकेच्या अल्को कंपनीची, म्हणून अल्कोच्या सहा आसांच्या डिझेलांत तिच्या बोगीची ठेवण सापडते. बोरघाट आणि थळघाटात एकेकाळी मालगाड्या ओढणारा आपला ‘खेकडा’, म्हणजे डब्ल्यूसीजी-१ हे विजेचं इंजिन, हा तर स्विस ‘क्रोकोडाइल’ इंजिनाचा सख्खा नातेवाईक. पुढेमागे लांब नाकं, मधे केबिन, चाकांना जोडणारे दांडे. क्रोकोडाइल एचओत मिळतं. ते २२ सेंटीमीटरच्या आसपास भरतं, पण तीन भागांत सांधलेलं असल्यामुळे अवघड वळणावरही अंग वळवून जातं. महाग आहे, तेव्हा पहिलं म्हणून नको, दुसरं किंवा तिसरं म्हणून घ्या. आपली ब्रॉडगेज एचओत खरं तर १९.३ मिलिमीटरची व्हायला हवी, ती १६.५वर चालवावी लागते. एवढी तडजोड सगळेच करतात.

मागवण्याआधी पुण्याला कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात एकदा जाऊन या. तिथे एचओ गाड्या मोठ्या मांडणीवर धावतात, कुठल्या वळणावर काय शोभतं ते दिसेल. आणि क्रोकोडाइल मार्कलिन कंपनीचं असेल तर खोका नीट वाचा. त्यांची एचओ इंजिनं तीन-रुळी एसीवर चालतात, तुमच्या दोन-रुळी डीसीवर ठेवलीत तर शॉर्ट होईल. ‘टू-रेल डीसी’ असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या.