अधांतरी थांबणे सर्वांत शेवटी

प्रश्न : मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सोनेगाव विमानतळावरून काब्री जी-टू हे हेलिकॉप्टर उडवायला मी घरच्या घरी शिकत आहे. कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा डाव्या हाताचा दांडा) उचलताच, चित्रफितींत सांगतात त्याप्रमाणे, नाक वळवणाऱ्या पेडलांपैकी डावे पेडल दाबतो, तरी नाक डावीकडेच गरकन वळते. त्यातून सावरलोच, तर चार-पाच फुटांवर हेलिकॉप्टर झोके घेऊ लागते आणि कलंडते. माझ्याकडे साधी जॉयस्टिक आहे. महागडी सामग्री घेतल्याशिवाय हे जमणार नाही का? आणि हा सराव परवान्यासाठी धरला जातो का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : पेडलाचा घोळ सामग्रीमुळे झालेला नाही. बेल ४०७ सारख्या अमेरिकी हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर (डोक्यावरची फिरती पाती) वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, त्यामुळे शक्ती वाढवताना नाक उजवीकडे वळते आणि डावे पेडल लागते. काब्री फ्रेंच आहे. तिचा रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून तिथे उजवे पेडल हवे. आपण डावे दाबून त्या गरकीला हातभारच लावत आहात.

झोक्यांचे कारण वेगळे आहे. सायक्लिक (हेलिकॉप्टर पुढे-मागे वा बाजूला नेणारा दांडा) हलवल्यावर आधी रोटरची चकती कलते, मग सांगाडा कलतो आणि त्यानंतर हेलिकॉप्टर सरकू लागते. हा उशीर सहन न होऊन नवशिका आणखी दांडा ढकलतो, आणि परिणाम दिसू लागेपर्यंत दुरुस्ती दुप्पट झालेली असते. दांडा किंचित हलवावा आणि हेलिकॉप्टर थांबण्याची वाट न पाहता लगेच परत आणावा. नजर नाकासमोरच्या डांबरावर नको, धावपट्टीच्या पार टोकाला हवी. खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये सरकणे आधी अंगाला जाणवते; पडद्यासमोर ते सगळे ओझे डोळ्यांवर पडते, म्हणून अधांतरी स्थिर राहणे सिम्युलेटरमध्ये काहीसे अधिकच अवघड जाते.

यासाठी माझा सल्ला असा की, जमिनीवरून सुरुवातच करू नये. हवेतच, ५०० फुटांवर आणि ६० नॉट वेगाने सुरुवात करून सरळ उडणे व वळणे हातात बसवावीत, आणि मग दर खेपेस थोडा अधिक वेग कमी करत धावपट्टीवर उतरत यावे. साधारण २४ ते १६ नॉटच्या दरम्यान पुढच्या गतीमुळे रोटरला मिळणारी जादा उचल नाहीशी होते, हेलिकॉप्टर थरथरते व खाली बसू लागते; तिथे कलेक्टिव्ह आणि पेडल एकदमच लागतात, आणि खरा अभ्यास या टप्प्याचा आहे. मात्र ३० नॉटच्या खाली मिनिटाला ३०० फुटांहून वेगाने उतरू नये, कारण रोटर स्वतःच ढकललेल्या हवेत सापडला की कलेक्टिव्ह उचलल्याने घसरण उलट वाढते. सायक्लिक पुढे करून वेग घेणे हा त्यावरचा उपाय आहे.

सिम्युलेटरमध्ये त्या वेळचे प्रत्यक्ष हवामान चालू ठेवून मे महिन्यातल्या दुपारी सराव करत असाल, तर तोही बंद करा. नागपूरकराला त्या उन्हाची थोरवी सांगायला नकोच. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० फुटांवर आहे, पण ४५ अंशांना हवा इतकी विरळ होते की हेलिकॉप्टरला ती जवळपास ५,००० फुटांवरच्या हवेसारखी वाटते. तापमान १५ अंश ठेवून शिकावे, उन्हाळा नंतर.

जॉयस्टिक चालेल. तिची स्प्रिंग दांडा सतत मधोमध ओढते, आणि अधांतरी असताना सायक्लिक नेमका मध्यावर क्वचितच असतो, म्हणून संवेदनशीलता कमी करून पाहावी. पैसे खर्चायचेच असतील, तर आधी पेडलांवर खर्चावेत; मनगटाने दांडा पिळून नाक सांभाळण्याची सवय मला तरी घातक वाटते.

घरच्या संगणकावरचे तास नागरी विमान वाहतूक महासंचालनालय परवान्यासाठी धरत नाही. वैमानिक होण्याचा विचार खरोखर असेल, तर सामग्रीआधी महासंचालनालयाच्या यादीतील डॉक्टरकडून वर्ग-२ ची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रंग ओळखण्यातला दोष असला, तर तो तिथेच कळतो.