वाचकांचे प्रश्न : लाल पुस्तिका आणि एका शब्दाचे उत्तर

प्रश्न : मी सात वर्षांपासून नोकरीनिमित्त स्टुटगार्टमध्ये राहतो. माझे घरमालक निवृत्त यंत्रकामगार असून जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे, म्हणजे एसपीडीचे, जुने सभासद आहेत. त्यांनी मला एक लाल कव्हराची पुस्तिका दाखवली. तिच्या पानांवर महिन्यामहिन्याच्या वर्गणीची छोटी तिकिटे ओळीने चिकटवलेली आहेत आणि एका पानानंतर सगळे चौकोन कोरे आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पक्षाने नव्या सरकारात सामील व्हावे की नाही हे सभासदांना विचारले, तेव्हा या गृहस्थांनी मतच दिले नाही. कारण विचारल्यावर ते नुसते हसले. जो पक्ष एवढा मोठा निर्णय सभासदांच्या हाती सोपवतो, त्याच्यापासून सभासद दूर का जातात? (एक वाचक, स्टुटगार्ट)

उत्तर : आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या कोऱ्या चौकोनांत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू. ती तिकिटे टपालाने येत नसत. पक्षाच्या स्थानिक शाखेचा वर्गणी गोळा करणारा कार्यकर्ता दर महिन्याला घरोघरी जाऊन पैसे घेई आणि तिकीट पुस्तिकेत चिकटवून देई. हा कार्यकर्ता बहुधा त्याच वस्तीतला, कित्येकदा त्याच कारखान्यातला असे. दारात उभ्या उभ्या घरभाड्याची, कामाच्या पाळ्यांची, मुलाच्या शाळेची गोष्ट निघे आणि त्यातले जे पक्षाशी संबंधित असेल ते शाखेच्या पुढच्या बैठकीत पोचे. पुढे वर्गणी बँकेतून परस्पर वळती होऊ लागली. हिशेब चोख झाला, थकबाकी कमी झाली, आणि पक्षाचा माणूस दारात येण्याचे कारणच उरले नाही. ही सोय करताना आपण काय गमावतो आहोत याचा विचार फारसा कोणी केला नसावा, असे मला वाटते. आपल्याकडे गणेशोत्सवाची वर्गणी मोबाइलवरून गोळा करणाऱ्या मंडळांना याची थोडी कल्पना असेल.

या पक्षाची मुळे किती खोल आहेत हे लक्षात घेतल्याशिवाय ही पडझड समजत नाही. फर्डिनांड लासाल यांनी २३ मे १८६३ रोजी लाइपझिग येथे जी कामगार संघटना काढली, तिथपासून एसपीडी आपला जन्म मोजते. १८७८ ते १८९० या काळात तेव्हाचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, बिस्मार्क याच्या कायद्याने पक्षाच्या संघटनेवर बंदी होती, तरी त्याचे उमेदवार निवडून येत राहिले, कारण गायन मंडळे, वाचनगट आणि कामगारांचे मदतनिधी यांच्या आडून माणसे एकमेकांना धरून होती. १९७६ च्या सुमारास, विली ब्रांट अध्यक्ष असताना, पक्षाची सभासदसंख्या दहा लाखांवर गेली होती. १९९८ साली गेरहार्ड श्रोडर चॅन्सेलर झाले तेव्हा ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती आणि दहा वर्षांनी सव्वापाच लाखांच्याही खाली आली. एप्रिल २०२५ च्या मतदानासाठी पात्र सभासद सुमारे ३ लाख ५८ हजार होते. आज सभासदांपैकी निम्म्याहून अधिक साठीपुढचे आहेत.

या गळतीतला मोठा वाटा श्रोडर यांच्या ‘अजेंडा २०१०’ या धोरणाचा आहे. १४ मार्च २००३ रोजी संसदेत त्यांनी ते जाहीर केले आणि १ जानेवारी २००५ पासून दीर्घकाळ बेकार असलेल्यांचा भत्ता आणि गरिबांचे साहाय्य एकत्र करून दोन्हींची पातळी जवळपास एक करण्यात आली. तीस वर्षे यंत्रावर उभ्या राहिलेल्या माणसाला, नोकरी गेल्यावर काही काळाने, कधीही काम न केलेल्या माणसाइतकेच पैसे मिळणार, हा त्याचा व्यवहारातला अर्थ होता. या धोरणाने बेकारी घटली की नाही यावर अर्थतज्ज्ञ अजून वाद घालतात. त्या वादात मी इथे शिरत नाही. पक्षाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, शाखेच्या बैठकीत ज्यांच्यासाठी आपण आहोत असे सांगितले जाई, त्यांनाच हा निर्णय वर्तमानपत्रातून कळला. विरोधकांनी सभासदांच्या सह्यांची मोहीम काढली, पण पुरेशा सह्या झाल्या नाहीत. नेतृत्वाने त्याचा अर्थ संमती असा घेतला. सही न करणाऱ्यांपैकी बरेच जण तोवर राजीनाम्याचे पत्र लिहीत होते, हे पुढच्या वर्षांतल्या आकड्यांनी दाखवले. पक्षाचे माजी अध्यक्ष ऑस्कर लाफोंतेन हेही २००५ मध्ये बाहेर पडले आणि २००७ साली ‘डी लिंके’ हा डावा पक्ष उभा राहिला.

आता सभासदांच्या मतदानाकडे वळू. १९९३ मध्ये पहिल्यांदा अध्यक्ष निवडण्यासाठी सर्व सभासदांचा कौल घेतला गेला आणि रुडॉल्फ शार्पिंग पुढे आले. दोनच वर्षांनी मानहाइमच्या अधिवेशनात प्रतिनिधींनी त्यांना बाजूला सारून लाफोंतेन यांना अध्यक्ष केले. पुढे २०१३ आणि २०१८ मध्ये अँगेला मर्केल यांच्या पक्षाबरोबर सरकार करावे का, हे विचारले गेले. २०१८ ची खेप विशेष गाजली, कारण युवा आघाडीचे नेते केव्हिन क्यूनर्ट यांनी ‘सभासद व्हा आणि नाही म्हणा’ अशी हाक दिली होती आणि मतदानाच्या आधीच्या काही आठवड्यांत वीस हजारांहून अधिक लोक पक्षात आले. निकाल ६६ टक्के ‘हो’ असा लागला. २०२५ मध्ये मतदान केवळ ऑनलाइन झाले. ८४.६ टक्क्यांनी ‘हो’ म्हटले, मात्र मत देणारे ५६ टक्केच होते. म्हणजे आपले घरमालक एकटे नाहीत.

त्यांच्या हसण्याचा अर्थ मी असा लावतो. २०२५ चा युतीचा करार १४४ पानांचा होता आणि त्यावर सभासदाला एका शब्दात उत्तर द्यायचे होते. करारातले एखादे कलम बदला असे म्हणण्याची सोय नव्हती. ‘नाही’ म्हटले तर सरकार बनणारच नाही, कदाचित पुन्हा निवडणूक होणार आणि दोषाचा धनी सभासद ठरणार. ज्या पक्षाला नुकतीच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, अवघी १६.४ टक्के मते मिळाली होती, त्याच्या सभासदाने तेव्हा ‘नाही’ म्हणणे म्हणजे स्वतःच्याच घराला काडी लावण्यासारखे होते. बोलणी संपल्यावर विचारलेल्या प्रश्नाला सल्लामसलत म्हणत नाहीत. लग्नपत्रिका छापून झाल्यावर मुलीला पसंती विचारण्यातलाच तो प्रकार आहे.

याच्या उलट घडले तेव्हा काय झाले, तेही सांगितले पाहिजे. २०१९ साली अध्यक्षपदासाठी एकट्याने किंवा जोडीने उभे राहता येत होते. सर्व भागांत मिळून २३ सभा झाल्या आणि उमेदवारांना सभासदांसमोर उभे राहून प्रश्नांना उत्तरे द्यावी लागली. अखेरच्या फेरीत साझ्किया एस्केन आणि नॉर्बर्ट वाल्टर-बोर्यान्स यांनी ५३ टक्के मते मिळवून, अर्थमंत्री ओलाफ शोल्त्स यांच्या जोडीला हरवले. पण ऑगस्ट २०२० मध्ये पक्षाच्या वरिष्ठांनी त्याच शोल्त्सना चॅन्सेलरपदाचे उमेदवार केले आणि २०२१ मध्ये ते निवडून येऊन चॅन्सेलर झाले! सभासदांना मतदारांची नाडी कळत नाही, हा निष्कर्ष तेव्हा वरच्या मंडळींना सोयीचा होता. मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये, शोल्त्स यांच्याऐवजी संरक्षणमंत्री बोरिस पिस्टोरियस यांना पुढे करावे अशी चर्चा पक्षभर चालू असताना, शोल्त्सच उमेदवार राहतील हा निर्णय वरच्या वर्तुळातच झाला. त्या वेळी सभासदांना विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही, आणि निकाल आपल्यासमोर आहे.

प्रश्न : आपल्याकडच्या पक्षांत सभासदांना असे का विचारत नाहीत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : एक कारण कायद्याचे आहे. जर्मनीच्या राज्यघटनेच्या २१ व्या कलमानुसार पक्षाची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरूनच असावी लागते. आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम २९अ पक्षांच्या नोंदणीपुरते आहे आणि अंतर्गत निवडणुका नीट न घेणाऱ्या पक्षावर त्याचा धाक चालत नाही. काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात चार आण्यांत सभासदत्व खुले करून पक्ष खेड्यापर्यंत नेला, हे खरे. परंतु ऑक्टोबर २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खरगे आणि शशी थरूर यांच्यात अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा मतदार सुमारे नऊ हजार प्रतिनिधी होते, सामान्य सभासद नव्हे. मिस्ड कॉल देऊन झालेल्या सभासदाला तर आपण सभासद आहोत हेच पुष्कळदा आठवत नाही.

प्रश्न : मी भारतीय नागरिक आहे. मला एसपीडीचे सभासद होता येईल का? (स्टुटगार्टचेच वाचक)

उत्तर : होय. वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती, तिचे नागरिकत्व कोणतेही असो, सभासद होऊ शकते, आणि वर सांगितलेल्या पक्षांतर्गत मतदानात तिलाही मत असते. संसदेच्या निवडणुकीत मात्र नसते. दुसऱ्या राजकीय पक्षाचे सभासदत्व त्याबरोबर चालत नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो. शाखेची बैठक कुठे भरते, हे मात्र घरमालकांना विचारा.